वालाला युरिया दिला की मुळांवरच्या गाठी का थांबतात?

महाड-पोलादपूर भागात भातकापणी झाली की त्याच खाचरात, जमिनीतल्या ओलीवर कडवा वाल घेतला जातो. पाण्याची सोय नसली तरी हे पीक येते. पण पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी वाल थोडा पिवळट दिसला, की भाताप्रमाणेच त्यावरही युरिया फेकला जातो. मग पीक हिरवेगार होते, पाला माजतो, शेंगा मात्र त्या मानाने लागत नाहीत. असे का होते ते समजून घेऊ.

गाठ म्हणजे झाड आणि जिवाणू यांचा करार

हवेत सुमारे 78 टक्के नत्र आहे, पण कोणत्याही पिकाला तो थेट घेता येत नाही. रायझोबियम गटातले जिवाणू तो घेऊ शकतात. जमिनीत नत्र कमी असला की वालाची मुळे विशिष्ट द्रव्ये सोडून या जिवाणूंना बोलावतात. जिवाणू उलट खुणेचे द्रव्य सोडतात. खूण पटली तरच मूळ त्यांना आत घेते आणि तिथे गाठ तयार होते.

गाठीतले जिवाणू झाडाला नत्र देतात आणि झाड त्यांना पानात तयार झालेली साखर देते. हा सौदा स्वस्त नाही. 1 ग्रॅम नत्रासाठी झाडाची 10 ग्रॅमहून अधिक साखर खर्च होते. म्हणूनच झाड गाठींवर कडक नियंत्रण ठेवते.

हिशेब पाने ठेवतात

पहिल्या गाठी तयार होऊ लागल्या की मुळे पानांकडे निरोप पाठवतात. पुरेशा गाठी झाल्या असे दिसले की पानांकडून मुळांना 'आता बस' असा निरोप येतो आणि नव्या गाठी थांबतात. 1985 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना सोयाबीनची अशी झाडे मिळाली, ज्यांच्या मुळांवर बेसुमार गाठी येत होत्या. आपण आंब्याचे कलम करतो तसे त्यांनी या झाडांचे शेंडे साध्या सोयाबीनच्या मुळांवर बांधले. तेव्हा त्या साध्या मुळांवरही बेसुमार गाठी आल्या. म्हणजे लगाम वरच्या भागाच्या हाती असतो. अशा बेसुमार गाठींच्या झाडांची वाढ मात्र खुंटलेली असते. जास्त गाठी म्हणजे जास्त फायदा, असे नाही.

झाड कामचुकार जिवाणूंनाही पोसत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून टाकला. जिवाणूंना नत्र देता येईना, तेव्हा झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ मंदावली.

युरिया दिल्यावर काय होते?

युरियाचे जमिनीत नायट्रेट होते. मुळांना ते आयते मिळाले की साखर खर्च करून जिवाणू पोसण्याची झाडाला गरज उरत नाही. नव्या गाठी थांबतात, असलेल्या गाठींचे काम मंदावते. म्हणजे जे फुकट मिळणार होते, तेच आपण पैसे देऊन आणतो.

सुरुवातीचा पिवळेपणा बहुतेक वेळा तात्पुरता असतो. बियाण्यातला साठा संपलेला असतो आणि गाठींचे काम अजून सुरू व्हायचे असते. या काळापुरता थोडा नत्र पेरणीच्या वेळीच द्यावा. कडधान्यांसाठी हेक्टरी 25 किलो नत्र व 50 किलो स्फुरद अशी शिफारस केली जाते. ढोबळ हिशेबाने गुंठ्याला 1 किलो डीएपी पुरते. त्यानंतर वरून युरिया नको.

स्फुरद आणि बुरशीची जोडी

गाठींना स्फुरद भरपूर लागतो. आपल्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. तो मिळवायला झाड मायकोरायझा या उपयुक्त बुरशीची मदत घेते. इथेही नियम तोच आहे: स्फुरद कमी असेल तर झाड बुरशीला बोलावते, भरपूर असेल तर दार बंद करते. पोलादपूरच्या वरकस जमिनीतली नाचणीही या बुरशीशी जोडी जमवते. म्हणून स्फुरदही शिफारशीपेक्षा जास्त टाकू नये. चांगले कुजलेले शेणखत दोन्ही सोबत्यांना मानवते.

जिवाणूंची बीजप्रक्रिया

- वालाला चवळी गटाचे रायझोबियम लागते. हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे पाकीट चालणार नाही, कारण खूण पटत नाही.
- 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, म्हणजे किलोला 25 ग्रॅम संवर्धक घ्या. गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा.
- बियाणे सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पाकिटावरची मुदत आधी पाहा. पाकीट उन्हात ठेवू नका.
- बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावा, संवर्धक सर्वांत शेवटी.
- संवर्धक रासायनिक खतात मिसळू नका.

गाठी तपासा, मग ठरवा

पेरणीनंतर 30 ते 40 दिवसांनी, फुलोऱ्याआधी, शेतात चार-पाच ठिकाणची झाडे खुरप्याने मातीसह काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. मुळे पाण्यात धुऊन गाठी नखाने फोडा.

- आतून गुलाबी किंवा लालसर: गाठ काम करते आहे. युरियाची गरज नाही.
- आतून पांढरी: गाठ कोवळी आहे किंवा निकामी आहे. आठवड्याने पुन्हा पाहा.
- हिरवट किंवा तपकिरी: गाठीचे काम संपले. शेंगा भरताना असे दिसणे स्वाभाविक आहे.
- गाठीच नाहीत आणि पीक पिवळे आहे: अशा वेळीच थोडा नत्र देण्याचा विचार करा. त्याआधी खाचरात पाणी साचते का तेही पाहा, कारण चिबडलेल्या जमिनीत गाठींना हवा मिळत नाही. पुढच्या हंगामात बीजप्रक्रिया चुकवू नका.

काढणीच्या वेळी झाडे उपटण्याऐवजी विळ्याने कापा. मुळे आणि गाठी शेतातच राहिल्या, तर त्यातला काही नत्र पुढच्या भाताला मिळतो आणि जिवाणूही त्याच मातीत राहतात.