पगार ‘वाढला’ की ‘वाढवला’?

जुळ्या भावंडांसारखी दिसणारी इंग्लिश क्रियापदं ऐन मोक्याच्या क्षणी दगा देतात. पण त्यांना ओळखण्याची युक्ती आपल्याच घरात आहे!

अप्रेझलचा सीझन. समोर सेल्फ-रिव्ह्यूचा फॉर्म आणि कर्सर एका शब्दावर अडकलेला... ‘राइज’ की ‘रेज’? हिंजवडी असो, मगरपट्टा असो की खराडी, हा पॉज सगळ्यांच्या ओळखीचा. इंग्लिश येत नाही असं मुळीच नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ज्याला वाघिणीचं दूध म्हटलं, ते आपण शाळेपासून पितोय. घोळ होतो तो फक्त सारख्या दिसणाऱ्या क्रियापदांचा. मग चुकायला नको म्हणून मीटिंगमध्ये हुशार माणूसच गप्प बसतो आणि भाव दुसराच कुणीतरी खाऊन जातो!

किल्ली मराठीतच

शाळेत जांभया देत शिकलेलं प्रयोजक क्रियापद आठवतंय? बसणं-बसवणं, शिकणं-शिकवणं. तोच फॉर्म्युला इथे लावा. आपोआप वाढणं म्हणजे ‘राइज’, कुणीतरी वाढवणं म्हणजे ‘रेज’. सेल वाढला तर ‘राइज’, तुमच्या टीमने वाढवला तर ‘रेज’. क्रेडिट कुणाचं, हे एवढ्याशा फरकाने ठरतं!

कॉलवर आवाज तुटतोय? ऐकू येणं म्हणजे ‘हिअर’ आणि कान देऊन ऐकणं म्हणजे ‘लिसन’. ‘आय कान्ट लिसन टू यू’ म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘तुमचं ऐकून घेणं मला जमणार नाही’ असा होतो. बॉसला हेच सांगायचंय का? तसंच दिसणं म्हणजे ‘सी’, बघणं म्हणजे ‘लुक’. उसनं घेतलं तर ‘बॉरो’, दिलं तर ‘लेंड’.

खास पुणेरी जोड्या

‘फ्लाँट’ आणि ‘फ्लाउट’मध्ये भले भले फसतात. नवी कोरी बुलेट मिरवणं म्हणजे ‘फ्लाँट’. 1 जानेवारी 2019 पासून पुण्यात हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली, तरी नियम धाब्यावर बसवणारे होतेच. ते ‘फ्लाउट’!

‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ तर आपल्याच मातीतले वाटतात. टोमणा मारणारा ‘इम्प्लाय’ करतो, ज्याला तो बरोब्बर लागतो तो ‘इन्फर’ करतो.

शब्द तोच, अर्थ भलताच

खरी गंमत पुढे आहे. ‘टेबल’ हे क्रियापद ब्रिटिश माणूस ‘विषय चर्चेला घ्या’ या अर्थी वापरतो, तर अमेरिकन ‘सध्या बाजूला ठेवा’ या अर्थी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा याच शब्दावरून चांगलाच वाद रंगला. शेवटी कळलं, दोघांचं म्हणणं एकच होतं! चर्चिल यांनीच हा किस्सा लिहून ठेवलाय. तेव्हा क्लायंट कुठला आहे, ते आधी बघा.

‘आय पास्ड आउट इन 2019’ हे आपल्याकडे सर्रास चालतं. खडकवासल्याच्या एनडीएची पासिंग आउट परेड आपल्याला ठाऊक असतेच. अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र तुम्ही चक्कर येऊन पडता! तिथे सरळ ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘रिव्हर्ट’चंही तसंच. भारतात त्याचा अर्थ उत्तर देणं, पण मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं. कोड ‘रिव्हर्ट’ करणाऱ्या डेव्हलपरला हे वेगळं सांगायला नको. परदेशी मेलमध्ये साधं ‘रिप्लाय’ बरं.

हे करून बघा

- अडलात की वाक्य आधी मराठीत म्हणा. ‘वाढला’ की ‘वाढवला’, लगेच कळेल.
- डिक्शनरीत नुसता अर्थ बघू नका, खाली दिलेलं वाक्यही वाचा.
- समोरच्याचा शब्द खटकला तर बिनधास्त विचारा, ‘म्हणजे आत्ता की नंतर?’ यात कसलाही कमीपणा नाही. चुकीचं समजून आठवडाभर काम करत बसण्यापेक्षा एक प्रश्न केव्हाही स्वस्त!