‘असण्या’चा प्रश्न: मध्ययुगाबद्दलचे चार गैरसमज

एखादी गोष्ट ‘आहे’ म्हणजे नेमकं काय? तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात हा प्रश्न कसून तपासला जात होता, आणि त्याच शतकाच्या अखेरीस ज्ञानदेव तो मराठीत मांडत होते. तरीही या विचाराभोवती काही गैरसमज घट्ट बसले आहेत.

गैरसमज १: मध्ययुगात फक्त श्रद्धा होती, तत्त्वविचार नव्हता.

वस्तुस्थिती: एक उदाहरण घ्या. भाटघर धरणाच्या फुगवट्यात कांबरे गावचं शिवमंदिर वर्षातला बराचसा काळ पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं. भर पावसाळ्यात परक्या माणसाला त्याचं कितीही बारकाईनं वर्णन सांगा, तेवढ्यावरून ते तिथं खरोखर आहे हे सिद्ध होत नाही. वस्तू ‘काय आहे’ आणि ती ‘आहे’, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद इब्न सिना (मृत्यू 1037) यांनी काटेकोरपणे मांडला आणि थॉमस अक्वायनस (मृत्यू 1274) यांनी तो पुढे नेला. दोघेही श्रद्धाळू होते. पण इथं त्यांनी श्रद्धेचा हवाला दिला नाही, युक्तिवाद केला.

गैरसमज २: आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानानं मध्ययुगाशी नातं तोडलं.

वस्तुस्थिती: जाणीव नेहमी कशाची तरी असते, ही कल्पना फ्रांत्स ब्रेंटानो यांनी 1874 मध्ये मध्ययुगीन पंडितांचं नाव घेऊनच पुन्हा मांडली. त्यांचे विद्यार्थी एडमुंड हुसर्ल यांनी तिच्यावर आपलं तत्त्वज्ञान उभारलं. मार्टिन हायडेगर यांचा 1915 चा प्रबंध डन्स स्कोटस यांच्यावर होता. त्यात अभ्यासलेला एक मुख्य ग्रंथ स्कोटस यांचा नसून एर्फुर्टच्या थॉमस यांचा असल्याचं पुढे सिद्ध झालं. पण तोही मध्ययुगीनच. देव आणि सृष्टी, दोघांनाही ‘आहे’ एकाच अर्थानं लागू पडतं, हा स्कोटस यांचा सिद्धान्त जिल दलझ यांनी 1968 मध्ये आपल्या विचाराच्या केंद्रस्थानी आणला.

गैरसमज ३: म्हणजे या आधुनिकांनी जुनंच नव्या शब्दांत सांगितलं.

वस्तुस्थिती: 1927 च्या मारबुर्गमधल्या व्याख्यानांत हायडेगर यांनी अक्वायनस, स्कोटस आणि त्याच परंपरेतले नंतरचे सुआरेझ यांची मतं समोर ठेवून त्यांची चिकित्सा केली. वस्तू घडवणाऱ्याच्या नजरेतून असण्याचा अर्थ लावल्यामुळे माणसाचं असणं त्या चौकटीत मावत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. वारसा घेणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. ज्याच्याशी नेटानं भांडावं लागतं, तोही वारसाच असतो.

गैरसमज ४: मराठीत भक्ती आहे, असण्याचा स्वतंत्र विचार नाही.

वस्तुस्थिती: 1290 च्या ‘ज्ञानेश्वरी’नंतरचा ‘अमृतानुभव’ कोणत्याही ग्रंथावरची टीका नाही; ते ज्ञानदेवांचं स्वतंत्र प्रतिपादन आहे. त्याच्या पाचव्या प्रकरणात ‘सत्, चित्, आनंद’ या सर्वमान्य शब्दांचीच झडती आहे. सोन्याची झळाळी आणि कठीणपणा सोन्यापासून वेगळे काढता येत नाहीत, तसे हे तिन्ही मिळून एकच. शिवाय हे शब्द केवळ असत्, जड आणि दुःख यांना दूर सारतात. मूळ वस्तू त्यांच्या पकडीत येत नाही. पुढे सातव्या प्रकरणात ज्ञानदेव ‘अज्ञान’ नावाचं काही मुळात असू शकतं का, हे तपासतात आणि ती कल्पनाच खोडून काढतात. जग हा अज्ञानाचा पसारा नाही, त्या एका वस्तूचंच स्फुरण आहे, हे त्यांचं म्हणणं. म्हणून या ग्रंथाला जग आभास मानणाऱ्या मायावादाचा मराठी अनुवाद म्हणता येत नाही.

आता ‘अमृतानुभवा’च्या अभिमानातून, दोन्ही परंपरा एकच असल्याचा पाचवा गैरसमज जन्माला घालू नये. पॅरिस आणि ज्ञानदेवांची आळंदी यांचे प्रश्न शेजारचे असले, तरी वाटा वेगळ्या होत्या. हायडेगर यांचा वारसा युरोपातल्या मठांचा आणि विद्यापीठांचा आहे, आळंदीचा नाही. ‘अमृतानुभवा’ला युरोपीय दाखल्याची गरजही नाही. युरोपानं आपल्या मध्ययुगाला प्रश्न विचारले, आक्षेप घेतले, म्हणून ते आजच्या विचारात जिवंत राहिलं. आपणही ‘अमृतानुभव’ पूजेच्या पाटावरून अभ्यासाच्या टेबलावर आणला पाहिजे आणि त्याच्याशी वाद घालण्याइतका तो मनापासून वाचला पाहिजे.