चालत्या रिफायनरीला क्रॅकर जोडताना

मध्य प्रदेशातल्या बीना इथे भारत पेट्रोलियमची रिफायनरी २०११ पासून चालू आहे. तिची क्षमता वर्षाला ७८ लाख टन कच्च्या तेलाची. हे तेल गुजरातच्या किनाऱ्यावर वाडिनारला जहाजातून उतरते आणि ९३५ किलोमीटर पाइपलाइनने बीनाला पोहोचते. १४ सप्टेंबर २०२३ रोजी या रिफायनरीच्या जोडीने पेट्रोकेमिकल संकुल उभारण्याची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ४९ हजार कोटी रुपये आणि मुख्य यंत्रणा वर्षाला १२ लाख टन इथिलीन देणाऱ्या क्रॅकरची.

नाफ्था हा क्रॅकरचा ठरलेला कच्चा माल. त्याच्या वजनाच्या साधारण ३० टक्के इथिलीन मिळते. म्हणजे नुसत्या नाफ्थ्यावर १२ लाख टन काढायचे तर तो ४० लाख टनांच्या आसपास लागेल. ७८ लाख टन तेलातून एवढा नाफ्था निघणे शक्य नाही. म्हणून क्रॅकरच्या आराखड्यातच रिफायनरी १ कोटी १० लाख टनांपर्यंत वाढवणे आले, आणि नाफ्थ्याबरोबर इतर हलके प्रवाहही वापरणे आले.

भट्टीत शिरण्यापूर्वी नाफ्थ्यात वाफ मिसळतात. भट्टीच्या नळ्यांमध्ये तो ८५० अंश सेल्सिअसच्या जवळ तापतो, पण तिथे राहतो सेकंदापेक्षाही कमी. तेवढ्यात लांब रेणू तुटतात. जास्त थांबला तर तुटलेले तुकडे पुन्हा जुळून काजळी आणि जड तेल होते, म्हणून बाहेर पडताक्षणी तो थंड करायचा. या थंड करण्यातून जी उच्च दाबाची वाफ तयार होते, तीच पुढचा अवाढव्य कॉम्प्रेसर फिरवते. ही योजना मला सगळ्या संकुलात सर्वांत देखणी वाटते. कॉम्प्रेसरनंतर वायू धुतात, कोरडा करतात आणि उणे शंभर अंशांच्याही खाली नेऊन एकेक घटक वेगळा करतात. काळजी घेऊनही नळ्यांत कोक साचतोच. त्यामुळे काही आठवड्यांनी एकेक भट्टी बाजूला काढून वाफ आणि हवेने तो जाळावा लागतो. भट्ट्या अनेक असतात त्या यासाठीही.

उरलेल्या ७० टक्क्यांचे काय, यावर शेजाराचा खरा हिशेब ठरतो. मिथेन भट्ट्यांतच जळतो. प्रोपिलीनपासून पॉलिप्रोपिलीन होते. हायड्रोजन शुद्ध करून रिफायनरीकडे परत पाठवता येतो, कारण डिझेलमधले गंधक काढायला तो तिथे सतत हवा असतो. बेंझीन-टोल्युईन असलेल्या द्रव भागातून ती रसायने काढून घेतली की उरलेले पेट्रोलमध्ये मिसळता येते. दूरच्या क्रॅकरला यातले बरेच काही टँकरने हलवावे लागले असते किंवा स्वस्तात जाळून टाकावे लागले असते. आपल्याकडेही सुरुवात रिफायनऱ्यांच्या जवळच झाली. १९५० च्या दशकात ट्रॉम्बेला रिफायनऱ्या आल्या आणि १९६० च्या दशकात तिथे युनियन कार्बाइडचा, तर खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा क्रॅकर उभा राहिला.

शेजाराची किंमतही मोजावी लागते. क्रॅकर अचानक बंद पडला तर रिफायनरीतून येणारा नाफ्था ठेवायचा कुठे? रिफायनरी थांबली तर भट्ट्यांना द्यायचे काय? म्हणून दोघांच्या मधे साठवणीच्या मोठ्या टाक्या लागतात, आणि वाईटात वाईट क्षणी बाहेर पडणारा सगळा वायू जाळू शकेल एवढा फ्लेअर. कागदावर या टाक्या निव्वळ खर्च दिसतात, पण त्यांत काटकसर करू नये.

बांधकामात सर्वांत नाजूक काम जोडणीचे, म्हणजे टाय-इनचे. मोठे शटडाऊन काही वर्षांतून एकदाच येते. त्या मोजक्या आठवड्यांत जुन्या पाइपांवर फाटे आणि व्हॉल्व्ह बसवून ठेवतात आणि तोंडाशी लोखंडी ब्लाइंड आवळतात. नवे युनिट तयार झाले की रिफायनरी न थांबवता तिथून पुढे पाइप जोडता येतो. जिथे एवढी वाट पाहता येत नाही तिथे हॉट टॅप करतात. आधी पाइपची जाडी अल्ट्रासाउंडने मोजायची, मग चालत्या पाइपवर फाट्याचा तुकडा वेल्ड करायचा, त्यावर व्हॉल्व्ह बसवायचा आणि व्हॉल्व्हमधून ड्रिल घालून भोक पाडायचे. वेल्डिंग चालू असताना आतला प्रवाह थांबू द्यायचा नसतो, कारण वेल्डिंगची उष्णता तोच वाहून नेतो. हे काम करणाऱ्या वेल्डरच्या हाताला पूर्ण प्रकल्पात तोड नसते.

बीना समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, त्यामुळे घटक वेगळे करणारे, रस्त्याने येऊ न शकणारे मोठे कॉलम तुकड्यांत आणून जागेवरच जोडणे हाच मार्ग उरतो.

उभारणी संपली तरी लगेच नाफ्था सोडत नाहीत. आधी नायट्रोजन, थंड पाणी आणि बॉयलरची वाफ. मग कॉम्प्रेसरची चाचणी, त्यानंतर थंड भागाचे तापमान हळूहळू उतरवणे, आणि शेवटी पहिली भट्टी. सुरुवातीचा अशुद्ध वायू फ्लेअरला जातो. इथिलीनमधले ॲसिटिलीन दहा लाखांत काही मोजक्या भागांवर आल्याचे प्रयोगशाळेने कळवेपर्यंत पॉलिमर युनिटचा व्हॉल्व्ह बंदच ठेवतात, कारण त्याहून जास्त ॲसिटिलीन गेले तर तिथला उत्प्रेरक निकामी होतो.