साठी, बुद्धी आणि आधी मिळालेले यश

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांत इतक्या सहजतेने उच्चारली जाते, की तिच्यामुळे कुणाचे काही बिघडत असेल असे मनातही येत नाही. इंदूरच्या मराठी कुटुंबांत तर तिला हिंदीतल्या ‘सठिया गए’ची जोड मिळाली आहे. चष्मा सापडला नाही, नातवाच्या मित्राचे नाव आठवले नाही, की घरातले कुणीतरी हसत हसत ती ऐकवते आणि ज्यांना ऐकवली जाते तेही हसण्यावारी नेतात. मात्र हेच आजोबा विस्मरणाची तक्रार घेऊन आपल्या दवाखान्यात येतात, तेव्हा ती म्हण त्यांच्याबरोबर आत आलेली असते. मग चाचणीत त्यांना पडणारे गुण निव्वळ स्मरणशक्तीचे असतात काय?

लिसा जेरासी आणि टायलर मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. त्यात तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही वयोगटांतील माणसे होती. स्मृतिचाचणीपूर्वी काहींना एक बौद्धिक काम दिले गेले, जे त्यांना पूर्ण करता येण्याजोगे होते. काहींना दिलेले काम पुरे होणारच नाही अशी योजना होती. उरलेल्यांना आधी कोणतेच काम नव्हते. त्यानंतर सर्वांची स्मरणाची परीक्षा झाली. ज्या वृद्धांना आधीच्या कामात यश मिळाले होते, त्यांचे स्मरण इतर दोन्ही गटांतील वृद्धांपेक्षा लक्षणीयरीत्या चांगले ठरले, आणि चाचणीच्या वेळी आपल्याला चिंता कमी वाटली असेही त्यांनी सांगितले. तरुणांच्या बाबतीत मात्र आधीचे यश, आधीचे अपयश किंवा काहीच नसणे यांमुळे स्मरणात काहीही फरक पडला नाही.

मला यातील सर्वांत बोलका भाग तरुणांचा वाटतो. यशाने माणसाची बुद्धीच तरतरीत होत असती, तर तरुणांनाही त्याचा लाभ व्हायला हवा होता. तो झाला नाही, याचा अर्थ मी असा लावतो : विशीतला विद्यार्थी एखादा शब्द विसरला, तर तो विसरण्याचा संबंध आपल्या वयाशी जोडत नाही. त्याच्या दृष्टीने ते एक साधे विसरणे असते. सत्तरीतल्या माणसाला तोच विसरलेला शब्द ‘सुरुवात झाली वाटते’ अशी सूचना देऊन जातो. त्या भीतीतच मनाची बरीचशी शक्ती खर्ची पडते आणि प्रत्यक्ष आठवण्यासाठी कमी उरते. आधीचे यश त्या भीतीला थोडेसे बाजूला सारते. म्हणजे यशाने स्मृती वाढली असे म्हणण्यापेक्षा, तिच्या वाटेतला एक अडसर दूर झाला असे म्हणणे अधिक योग्य होईल.

ही भीती रोगनिदानापर्यंत कशी पोहोचते, हे कॅथरीन हॅस्लम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले. त्यांच्या अभ्यासात ६० ते ७० वर्षे वयाची ६८ माणसे होती. काहींना, या अभ्यासात ४० ते ७० वयाचे लोक आहेत, म्हणजे तुम्ही त्यातले ज्येष्ठ, असे भासवले गेले. काहींना ६० ते ९० असे सांगून ते त्यांतले तरुण ठरवले गेले. शिवाय वार्धक्यात फक्त स्मृती मंदावते, किंवा सगळीच बुद्धी ढासळते, अशा दोहोंपैकी एका आशयाचा मजकूर वाचायला दिला. नंतर ॲडनब्रुक्सची सुधारित संज्ञानात्मक चाचणी घेतली. स्वतःला ज्येष्ठ समजणाऱ्या आणि ‘सगळीच बुद्धी ढासळते’ हे वाचलेल्या गटातील ७० टक्के लोक डिमेन्शियाच्या निकषात बसले. इतर गटांत हे प्रमाण सरासरी १४ टक्के होते. वाटेत एक गंमत सांगतो. या शोधनिबंधाचे शीर्षक शेक्सपियरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकातून घेतलेले आहे आणि त्याचा अर्थ आपल्या ‘साठी बुद्धी नाठी’हून काडीमात्र वेगळा नाही. इंग्रजांच्या घरीही मातीच्याच चुली!

अर्थात, ६८ माणसे चार गटांत विभागली की एकेका गटात फार थोडी उरतात; तेव्हा ७० हा आकडा डोळे मिटून उचलू नये. वृद्धांवरील अशा अभ्यासांचे जे एकत्रित विश्लेषण २०१५ साली झाले, त्यात हा परिणाम खरा पण लहान ते मध्यम आकाराचा आढळला. परंतु गुणांच्या सीमारेषेवर बसलेल्या रुग्णाच्या बाबतीत दोन-तीन गुणही बरेच काही ठरवून जातात. औषधे, वाहन चालवणे, बँकेचे व्यवहार, घरातले स्थान, सगळे त्यावर बदलते.

आता आपल्या नेहमीच्या वापरातील चाचणीकडे पाहू. फोलस्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी १९७५ साली दिलेल्या ३० गुणांच्या ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणीत आधी दिनांक आणि स्थळ विचारतात, मग तीन शब्द सांगतात, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, आणि त्यानंतर लगेच ते तीन शब्द विचारतात. दोहोंच्या मधे लक्ष दुसरीकडे वळवणे हा त्या क्रमाचा हेतू उघड आहे. पण पुष्कळ वृद्ध त्र्याण्णवनंतर अडखळतात, ओशाळतात, सोबत आलेल्या मुलाकडे पाहतात. आणि त्याच अवस्थेत त्यांच्या स्मरणाची परीक्षा होते. जेरासी-मिलर यांनी जे अपयश मुद्दाम घडवून आणले, ते आपण रोज नकळत घडवतो, अशी शंका मला येते.

यावर चाचणीचा क्रम बदलणे हा उपाय नव्हे. प्रमाणित चाचणीत हात घातला की तिच्या गुणांना अर्थ राहत नाही. जे करायचे ते चाचणी सुरू होण्यापूर्वी. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ करून शाळेबाहेर पडलेल्या पिढीतील मंडळी अजून आपल्यात आहेत. “काका, दिडकी येते का हो अजून?” एवढे विचारले तरी चेहरा बदलतो. एखाद्या आजींना पुरणपोळीची कृती क्रमवार सांगायला लावावे, निवृत्त कारकुनाकडून चार रकमांची बेरीज करून घ्यावी. अर्थात, अशी घोटून पक्की झालेली माहिती डिमेन्शियाच्या सुरुवातीच्या काळातही शाबूत राहते; म्हणून तिच्यावरून निदानाचा कोणताही निष्कर्ष काढू नये. तिचे काम मनाला उभारी देण्यापुरते. थोडा प्रयत्न लागेल असे काम निवडल्यास अधिक बरे. आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली स्वसामर्थ्यावरील विश्वासाची जी उपपत्ती मांडली, तिच्यात स्वतः करून दाखवल्याच्या अनुभवाला दुसऱ्याने दिलेल्या धीरापेक्षा वरचे स्थान आहे. “घाबरू नका, सोपे आहे” हे आपले वाक्य त्यामुळे फारसे कामाचे नाही. उलट, सोपे म्हटलेले जमले नाही तर घाव दुप्पट.

भाषेचाही विचार व्हावा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या वृद्धांचे शिक्षण एका भाषेत, नोकरी दुसरीत आणि घर मराठीत असे झालेले असते. चाचणी कोणत्या भाषेत सोयीची वाटेल, हे त्यांनाच विचारावे. श्रवणयंत्र आणि चष्मा लावलेला आहे ना, हे पाहावे. आणि “बाबांना हल्ली काहीच आठवत नाही” हे मुलाचे निवेदन बाबांच्या समक्ष न घेता शेजारच्या खोलीत घ्यावे. निदानासाठी ते आवश्यकच आहे, पण चाचणीच्या आधी दोन मिनिटे ते बाबांच्या कानावर घालणे अनावश्यक.

या सगळ्याचा दुसरा धोकाही आहे. ‘भीतीमुळे झाले असेल’ म्हणून खरा आजार नजरेआड करणे, हे त्याहून वाईट. आधीच्या यशाने अल्झायमर थांबत नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांचा शोध घ्यावाच लागतो. किंबहुना, रुग्ण निश्चिंत असताना, त्याच्या सोयीच्या भाषेत घेतलेल्या चाचणीतही गुण कमीच आले, तर त्या गुणांवर अधिक भरवसा ठेवता येतो आणि पुढच्या तपासण्या लवकर सुरू करता येतात.