टिकलेला शब्द, खरा शब्द

छापील कोशात चूक राहिली तर पुढील आवृत्ती निघेपर्यंत ती निमूटपणे सोसावी लागते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा २३ खंडांचा ज्ञानकोश १९२० च्या दशकात झाला; मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. त्यांतील एखादे वाक्य किती दिवस टिकेल, हा प्रश्नच तेथे संभवत नव्हता. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात मात्र कोणीही लिहावे, कोणीही खोडावे, अशी रीत आहे. आणि प्रत्येक फेरफाराची नोंद वेळेसह जपली जाते. शब्दाचे आयुष्य त्यामुळे मोजता येते. आणि जे मोजता येते त्याला किंमत चिकटवण्याचा मोह आम्हां अर्थशास्त्राच्या मंडळींना आवरत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेतील ॲडलर व दे अल्फारो यांनी २००७ साली हे काम पद्धतशीरपणे केले. फ्रेंच व इटालियन विकिपीडियांच्या सुमारे ५६ लाख आवृत्त्या त्यांनी संगणकाकरवी तपासल्या. ज्याचे लेखन नंतरच्या संपादकांनी राखले त्याची पत वाढवायची, ज्याचे उडवले त्याची घटवायची, असा हिशेब. कमी पत असलेल्यांची भर पुढे उडवली जाण्याचा संभव सरासरीहून बराच अधिक आढळला. ध्यानात घ्यायचे ते हे की, येथे आयुष्य नुसत्या दिवसांत मोजलेले नाही; नंतर किती हात त्या मजकुरावरून फिरले, ते पाहिले आहे.

मराठीत नेमके हेच हात थोडे आहेत. आमच्या भूम भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. संध्याकाळपर्यंत दुकानात उरलेला खवा टिकाऊ असतो म्हणून उरत नाही. गिऱ्हाईक फिरकले नाही म्हणून उरतो! खेड्यापाड्यांच्या कित्येक नोंदी एकाच साच्यातून काढल्यासारख्या आहेत. त्यांतील वाक्ये वर्षानुवर्षे अबाधित राहिली, तर तो लेखकाच्या अचूकपणाचा पुरावा मानावा काय?

उलट बाजूही पाहावी. २०२३ साली आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. जुने नाव बदलले गेले की ज्याने ते लिहिले त्याचा शब्द 'मेला' अशी नोंद यंत्र करणार. वस्तुतः लिहिताना तो बरोबरच होता. आणि जिल्ह्याची लोकसंख्या? १६,५७,५७६ हा २०११ चा आकडा कमालीचा दीर्घायुषी ठरला, कारण २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. त्या आकड्याच्या आयुष्याचे श्रेय कोणाला द्यावे?

हे केवळ तर्कट नव्हे. आमचे विद्यार्थी प्रकल्पासाठी तालुक्याची माहिती तेथूनच उतरवतात, आणि "सर, इतकी वर्षे कोणी बदलले नाही, म्हणजे बरोबरच असणार," असे सांगतात. तो मजकूर कोणी वाचला, हे मात्र त्यांना विचारावेसे वाटत नाही. म्हणून यंदा मी त्यांना एक काम दिले आहे: आपल्या गावाची नोंद उघडायची, तिचा फेरफार-इतिहास पाहायचा, शेवटची अर्थपूर्ण दुरुस्ती केव्हा झाली ते वहीत लिहायचे, आणि मग त्यातील प्रत्येक विधान ग्रामपंचायतीत जाऊन ताडून पाहायचे. दिवस आणि खरेपणा असे दोन रकाने आखायला सांगितले आहेत.