जंगल जनतेचे, मग लिलाव कुणाच्या संमतीने?

पाथरीच्या माणसाला चंद्रपूरच्या जंगलाशी काय देणेघेणे, असे काही मित्र आम्हाला विचारतात. देणेघेणे आहे! मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणाऱ्या भूमिहीनाला शासन अतिक्रमणदार म्हणते. उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन २०२२ मध्ये राज्यभर गायरानधारकांना नोटिसा निघाल्या. मात्र जून २०२० मध्ये केंद्राने ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाजवळची बंदर कोळसा खाण खुशाल लिलावाच्या यादीत टाकली. गरिबाने सार्वजनिक जमीन कसली तर गुन्हा, कंपनीने खणली तर विकास!

बंदरचे जंगल हा वाघांच्या ये-जा करण्याचा मार्ग आहे. तो तुटला की वाघ गावाकडे वळतो आणि बळी जातो तो मोहफुले, तेंदूपाने वेचणारा गरीबच. तत्कालीन राज्य पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहिले, नंतर बंदर यादीतून वगळले गेले. चांगलेच झाले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केलेल्या कोळसा खाणवाटपातही बंदर होतेच. सहा वर्षांत ते पुन्हा यादीत आले. एका मंत्र्याच्या पत्राने वाचलेले जंगल दुसऱ्याच्या सहीने जाऊ शकते.

टिकतो तो हक्क. शासन नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ खटल्यात १९९६ मध्येच बजावले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. त्याच बळावर २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साईटची खाण नाकारली. म्हणूनच केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती पाहण्याची अट २०२२ च्या वनसंवर्धन नियमांतून गळाली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जंगलालगतच्या आमच्या बौद्ध बांधवांना या कायद्यात ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांना शाळेचा उंबरठा बंद होता, त्यांनी कागद आणायचा कुठून? पण वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा ठरतो, हे नियमातच आहे. साहेब ते सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो.

आम्ही सरसकट खाणविरोधी नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेब १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते, कामगाराचे हाल पाहायला. आमचा प्रश्नही तोच आहे: कोळसा कुणाला आणि राख कुणाला?

पुढची यादी निघण्याआधी ग्रामसभेचा ठराव आणि सामूहिक वनहक्काचा दावा दप्तरी दाखल झाला पाहिजे. जंगल असो वा गायरान, जनतेची जमीन जनतेला विचारल्याशिवाय जाता कामा नये.

जय भीम!