गाणे तांड्याचे, हक्क कोणाचा?

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात असलेले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान असून, तेथे जगदंबेचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेशातील तांड्यांतून, म्हणजे बंजारा वस्त्यांतून, भाविक येथे येतात, आणि त्यांच्यासोबत भजने, आरत्या, सेवालाल महाराजांची वचने असे मौखिक धनही येते. होळीला डफाच्या तालावर म्हटली जाणारी लेंगी आणि लग्नात नवरी सासरी निघताना गायिला जाणारा ढावलो हेही याच परंपरेतले असून, ही गाणी मुळात कोणी रचली हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही. प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, हा कायदा नैतिकदृष्ट्या कितपत समर्थनीय आहे आणि त्याची हद्द कोठवर असावी, हा प्रश्न अशा ठिकाणी सर्वांत कठीण होतो, कारण या कायद्याने गृहीत धरलेला एकटा, ओळखता येणारा लेखक येथे सापडतच नाही.

या कायद्याच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात. पहिला श्रमाचा आहे: सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने माणसाच्या श्रमातून उपजणाऱ्या मालकीचा सिद्धांत मांडला, आणि पुढे तोच ग्रंथांनाही लावला गेला, मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले मागे उरले पाहिजे, ही लॉकने घातलेली अट अनेकदा विसरली जाते. दुसरा युक्तिवाद प्रोत्साहनाचा आहे: लेखकाला काही काळ एकाधिकार दिला तर तो लिहील आणि ती मुदत संपल्यावर ग्रंथ सर्वांचा होईल, असा हा समाजाशी झालेला करार आहे. इंग्लंडच्या १७१० च्या कायद्याने नव्या पुस्तकांना चौदा वर्षे आणि लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षे दिली होती. भारताच्या १९५७ च्या कायद्यात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे अशी होती. १९४१ साली निवर्तलेल्या रवींद्रनाथ ठाकूरांच्या साहित्यावरील हक्क संपत आल्याच्या सुमारास, १९९२ साली, ती साठ वर्षे करण्यात आली. पन्नास वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या लेखकाला आणखी लिहिण्याचे प्रोत्साहन देता येत नाही, त्यामुळे त्या दहा वर्षांना दुसऱ्या युक्तिवादाचा कोणताही आधार नव्हता. या वाढीचा परिणाम मराठी वाचकांवरही झाला, कारण १९५० साली वारलेल्या साने गुरुजींची पुस्तके २००१ ऐवजी २०११ च्या जानेवारीत सर्वांसाठी खुली झाली.

तांड्यातील गाण्यांना मात्र ही मोजणीच लागू पडत नाही, कारण मुदत लेखकाच्या मृत्यूपासून मोजायची आणि येथे लेखकच अज्ञात आहे. पिढ्यान् पिढ्या गायिली गेलेली अशी गाणी कायद्याच्या दृष्टीने कोणाच्याही मालकीची नाहीत आणि ती कोणीही वापरू शकतो. तथापि, एखाद्या कंपनीने तेच गाणे स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले की त्या ध्वनिमुद्रणावर तिला प्रकाशनापासून साठ वर्षांचा हक्क मिळतो. हा हक्क फक्त त्या मुद्रणापुरता असतो, मूळ चालीवर किंवा शब्दांवर नाही. परंतु इंटरनेटवरील स्वयंचलित ओळख-यंत्रणांना हा भेद नेहमी कळत नाही, आणि त्यामुळे पारंपरिक चाल गाणाऱ्यालाच हक्कभंगाची सूचना येण्याची शक्यता राहते. धार्मिक विधीत, तसेच लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभांत संगीत सादर करण्यास कायद्याच्या कलम ५२ ने सूट दिली आहे आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तिची जाहीर आठवणही करून दिली. पण ही सूट समारंभापुरती आहे, त्याचे चित्रीकरण पुढे प्रसारित करण्याला ती आपोआप लागू होत नाही.

ज्या तरतुदीची माहिती तांड्यांपर्यंत पोहोचणे सर्वांत निकडीचे आहे, ती कलाकाराच्या हक्काची आहे. १९९४ च्या दुरुस्तीने गायक, वादक, नर्तक आणि सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती यांना स्वतःच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क मिळाला, आणि पुढे त्याची मुदत पन्नास वर्षे झाली. यात गाणे नवे असण्याची अट नाही. म्हणून, ढावलो शेकडो वर्षांचा असला तरी तो गाणाऱ्या स्त्रीचा आवाज तिच्या संमतीवाचून व्यापारासाठी मुद्रित करता येत नाही; तसेच २०१२ च्या दुरुस्तीनुसार कलाकार म्हणून तिचे नाव दिले जावे, अशी मागणी ती करू शकते. गाणे सर्वांचे आणि आवाज गाणाऱ्याचा, ही विभागणी न्याय्य आहे, कारण तिच्यामुळे प्रत्यक्ष श्रमाचा मोबदला मिळतो आणि तरीही दुसऱ्या तांड्याच्या तोंडावर कुलूप लागत नाही.

याहून पुढे जाऊन समाजालाच गाण्यांची मालकी द्यावी, ही मागणी समजण्यासारखी आहे, कारण ज्यांची परंपरा इतरांनी विकली त्यांच्या पदरी फारसे काही पडलेले नाही. अडचण अशी की अनेक राज्यांत विखुरलेल्या समाजाच्या वतीने परवानगी कोणी द्यायची, तांड्याच्या नायकाने, म्हणजे प्रमुखाने, एखाद्या संस्थेने की शासनाने? घानाने २००५ च्या कायद्याने लोककलेवरील हक्क राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले, तेव्हा त्या देशातील कलावंतांनाही स्वतःच्या परंपरेच्या वापरासाठी परवानगीच्या कक्षेत यावे लागले. ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने १९९८ साली जॉन बुलुन बुलुन या आदिवासी चित्रकाराच्या खटल्यात वेगळी वाट दाखवली: चित्राचा हक्क चित्रकाराचाच राहिला, गानाल्बिंगू समाजाला मालकी मिळाली नाही, परंतु परंपरेतील पवित्र ज्ञान वापरताना समाजाचे हित जपण्याचे कर्तव्य त्या चित्रकारावर आहे, असे न्यायालयाने मानले. पोहरादेवीच्या परिस्थितीला हीच वाट अधिक साजेशी आहे. मालकीपेक्षा कर्तव्याचा आग्रह धरल्यास गाणे खुले राहते आणि गाणाऱ्यावर, तसेच विकणाऱ्यावर, जबाबदारीही येते.

पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. अशा ठिकाणी गाणी मुद्रित झाली, तर त्या मुद्रणावर हक्क कोणाचा, हा प्रश्न येतोच. शासनाने स्वतः तयार करवून घेतलेल्या कृतीचा प्रथम मालक, वेगळा करार नसेल तर, शासनच असते, आणि प्रकाशनापासून साठ वर्षे तो हक्क टिकतो. म्हणून येथे किंवा अन्यत्र शासनाच्या खर्चाने गाणी मुद्रित होतील, तेव्हा प्रत्येक नोंदीत गाणारीचे नाव, तिचा तांडा, तिने कशासाठी संमती दिली आणि व्यापारी वापर झाल्यास तिला काय मिळेल, हे तिला गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, समजावून सांगून मुद्रणापूर्वीच लिहून घेतले पाहिजे, आणि त्या मुद्रणाच्या प्रती तांड्यातील मुलांना विनापरवाना ऐकता व गाता येतील, अशी अट शासनाने स्वतःवर घालून घेतली पाहिजे.